रिकॉलची घोषणा झाली. गाडी मात्र कुठे आहे?

इंदूर शहराच्या जुन्या भागात छत्रीबाग ही वस्ती आहे. होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्र्यांवरून तिला हे नाव पडले. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात, ‘नॅट्रॅक्स’ हे राष्ट्रीय वाहनचाचणी केंद्र आहे. ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी हे त्याचे वैशिष्ट्य. २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचे उद्घाटन केले. मोटारींचा कमाल वेग, ब्रेकची क्षमता, वळणावरची स्थिरता अशा गोष्टी येथे मोजल्या जातात.

धावपट्टीवरची गाडी कोरी असते, चालक प्रशिक्षित असतो आणि मोजमापाची साधने घेऊन अभियंते हजर असतात. छत्रीबागेसारख्या जुन्या वस्तीत घरासमोर उभी असलेली छोटी मोटार मात्र अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाची असते. हमीचा काळ संपल्यावर ती अधिकृत सर्व्हिस सेंटरची पायरी चढत नाही; ओळखीच्या मेकॅनिककडे जाते. कारखान्यात राहून गेलेला दोष पाच-सहा वर्षांनी उघडकीस आला, तर कंपनीला शोधून काढायची असते ती ही दुसरी गाडी. वाहन परत बोलावण्याच्या, म्हणजेच रिकॉलच्या, यशापयशाचा निर्णय तिथे होतो.

गोमंतकीय वाचकाला इंदूरची ही वस्ती दूरची वाटेल. पण गोव्यात पहिली नोंदणी झालेली गाडी पुढे परराज्यात विकली जाणे ही नित्याची बाब आहे आणि परराज्यातून सुट्टीसाठी आलेले पर्यटक गोव्यात भाड्याची गाडी स्वतः चालवतात, हेही रोजचेच दृश्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख होती. राज्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या आता त्याहून अधिक झाली आहे. त्यामुळे सदोष गाडीचा मालक शोधायचा कोणी आणि कसा, हा प्रश्न छत्रीबागेइतकाच म्हापसा, फोंडा आणि मडगावचाही आहे.

घोषणा म्हणजे कबुली, दुरुस्ती नव्हे

गेल्या काही वर्षांत रिकॉलच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगच्या नियंत्रकातील संभाव्य दोषामुळे १७,३६२ मोटारी परत बोलावल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेलांच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमधील संशयित दोषासाठी बोलावल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये बलेनो आणि वॅगन आर मिळून सोळा हजारांहून अधिक गाड्यांच्या इंधन पंपाचा प्रश्न पुढे आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३९,५०६ ग्रँड व्हिटारा गाड्यांच्या इंधनदर्शकात चूक असू शकते, असे कंपनीने जाहीर केले. होंडा कार्स इंडियानेही एप्रिल २०२१ मध्ये इंधन पंपासाठी ७७,९५४ गाड्या बोलावल्या होत्या.

अशी बातमी वाचताच त्या कंपनीच्या गाड्या वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आधुनिक मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि ते शेकडो पुरवठादारांकडून येतात. एखाद्या पुरवठादाराच्या एका खेपेत चूक राहणे अशक्य नाही. चूक जाहीर करणारी कंपनी निदान तपासत तरी असते. वर्षानुवर्षे एकही रिकॉल न करणारी कंपनी निर्दोष आहे की बेफिकीर, हे बाहेरून ओळखता येत नाही.

म्हणून कंपनीच्या प्रतिसादाचे मूल्यमापन करताना चार प्रश्न विचारायला हवेत. दोष कंपनीला कधी कळला आणि जाहीर कधी झाला? तो कोणत्या शब्दांत सांगितला गेला? दुरुस्ती होईपर्यंत ग्राहकाने काय करावे, हे स्पष्ट केले का? आणि बोलावलेल्या गाड्यांपैकी प्रत्यक्षात किती दुरुस्त झाल्या? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कधी ना कधी मिळतात. चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, कारण बातमी घोषणेच्या दिवशी छापून येते आणि तिथेच संपते.

तिसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर जानेवारी २०२३ च्या घोषणेत सापडते. संशयित भाग बदलला जाईपर्यंत ती गाडी चालवू नये, असा सल्ला मारुतीने ग्राहकांना दिला होता. विक्रीला बाधा येईल अशी ही सूचना आहे. पण अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडणार नसेल, तर याहून कमी काही सांगणे ग्राहकाशी प्रामाणिकपणाचे ठरले नसते. त्या गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या अवघ्या पाच आठवड्यांत बनलेल्या होत्या आणि घोषणा १८ जानेवारीला झाली. बहुतेक गाड्या पहिल्या मालकाकडेच असताना त्यांना गाठणे सोपे होते. मार्च २०२४ च्या रिकॉलचे तसे नाही. त्यातील गाड्या जुलै ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या. साडेचार वर्षांत त्यांपैकी किती हात बदलले असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

एकाच वर्षातील दोन प्रतिसाद

दुसरा प्रश्न शब्दांचा आहे आणि त्याचा धडा २०१० सालाने दिला. त्या वर्षी फेब्रुवारीत मारुतीने ए-स्टार या मॉडेलच्या सुमारे एक लाख गाड्या इंधन पंपाजवळच्या गळतीच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. भारतात तेव्हा रिकॉलचा कायदा नव्हता आणि तशी प्रथाही रुजलेली नव्हती. तरीही कंपनीने संख्या, कारण आणि उपाय सांगितले.

पुढच्याच महिन्यात मुंबईतील मुलुंड येथे शोरूममधून घरी नेली जात असलेली कोरी टाटा नॅनो रस्त्यातच पेटली. प्रवासी वेळीच बाहेर पडल्याने बचावले, पण जळत्या गाडीची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्याआधी २००९ मध्येही काही नॅनो गाड्यांतून धूर निघाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्या वेळी स्विचमध्ये बदल केला गेला होता. मुलुंडनंतर गुजरातमध्येही एक नॅनो जळाली. चौकशीनंतर टाटा मोटर्सची भूमिका अशी राहिली, की या घटनांची कारणे त्या त्या गाडीपुरती मर्यादित आहेत आणि मॉडेलच्या रचनेत दोष नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेला अतिरिक्त संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. सत्तर हजारांहून अधिक मालकांचा हा प्रश्न होता. मात्र हे रिकॉल नाही, असे कंपनीने आग्रहाने सांगितले.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने कंपनीचे म्हणणे बरोबर असेलही. तांत्रिक काम तेच होते: गाडी आणा, भाग बसवून घ्या, पैसे देऊ नका. परंतु ‘रिकॉल’ हा शब्द टाळल्याने दोन गोष्टी घडल्या. गाडी आणणे निकडीचे आहे की ऐच्छिक, हे मालकाला कळेना; आणि जो ग्राहक अजून गाडी घ्यायची की नाही या विचारात होता, त्याला कंपनी काहीतरी लपवते आहे असे वाटू लागले. जुलै २०१० मध्ये नऊ हजारांच्या घरात गेलेली नॅनोची मासिक विक्री नोव्हेंबरमध्ये ५०९ वर आली. या घसरणीला कर्जाची अडचण आणि वाढलेली किंमत हीही कारणे होती, हे मान्य करावे लागेल. पण आगीची भीती हे त्यातील ठळक कारण होते. डिसेंबरमध्ये कंपनीने चार वर्षांची किंवा साठ हजार किलोमीटरची हमी जाहीर केली, तेव्हा विक्री पुन्हा सावरली. आगीविषयीच्या खुलाशांनी न झालेले काम बऱ्याच अंशी त्या लेखी हमीने केले.

पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे विलंबाचे, सर्वांत गंभीर उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सच्या काही छोट्या मोटारींत किल्लीचा स्विच धक्क्याने मागे सरकत असे. इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. २००६ मध्ये कंपनीत या भागाची रचना बदलण्यात आली, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. त्यामुळे जुन्या आणि नव्या भागांतील फरक शोधणाऱ्यांच्या लक्षात येईना. रिकॉल सुरू झाला तो २०१४ मध्ये. भरपाईसाठी स्थापन झालेल्या निधीने पुढे १२४ मृत्यूंचा संबंध या स्विचशी जोडला. दोष स्वस्त भागाचा होता. लोक मेले ते माहिती आतल्या आत फिरत राहिल्याने.

कायदा काय म्हणतो

भारतात जुलै २०१२ मध्ये ‘सियाम’ या वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता आणली. ती स्वेच्छेचीच होती. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स इंडियाने टॅव्हेरा या मॉडेलच्या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. उत्सर्जनाच्या चाचणीसाठी निवडक इंजिने पुढे केल्याचे प्रकरण त्यातून उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. उत्पादकांनी आपले आपण नियमन करावे, या कल्पनेची मर्यादा त्या प्रसंगाने दाखवून दिली. पुढे २०१७ मध्ये या कंपनीने भारतातील विक्रीच थांबवली.

मोटार वाहन (दुरुस्ती) कायदा, २०१९ ने मूळ कायद्यात कलम ११०-अ घातले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका पोहोचवू शकेल असा दोष आढळल्यास केंद्र सरकार उत्पादकाला वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. ग्राहकाला पूर्ण किंमत परत करणे किंवा तशाच वा अधिक चांगल्या प्रतीचे वाहन बदलून देणे, अशी जबाबदारीही या कलमात नमूद आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, रिकॉलच्या कक्षेत येऊ शकतात. याविषयीचे नियम मार्च २०२१ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंडाची कमाल मर्यादा वाहनाचा प्रकार आणि संख्या यांनुसार एक कोटी रुपयांपर्यंत जाते. ग्राहकांच्या तक्रारींसाठी संकेतस्थळावर सोय आहे आणि विक्रीच्या प्रमाणात किती तक्रारी आल्यावर चौकशी व्हावी, याचे कोष्टकही नियमांत आहे.

या तरतुदी पूर्वीच्या शून्याच्या तुलनेत मोठे पाऊल आहेत, यात शंका नाही. त्यांचे वजन २०२२ मध्ये जाणवले. मार्च महिन्यात पुण्यात ओला कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर भररस्त्यात पेटली. एप्रिलमध्ये नाशिकमध्ये कंटेनरमधील वीस इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी निष्काळजी कंपन्यांवर दंड आणि रिकॉलची कारवाई करण्याचा इशारा दिला. त्या सुमारास ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर परत बोलावल्या. सरकारकडे आदेश देण्याचा अधिकार असला, की कंपन्यांची स्वेच्छा कशी जागी होते, याचे हे उदाहरण.

तरीही कायद्यात दोन फटी राहतात. पहिली फट सवलतीची आहे. दोष स्वतःहून लक्षात आल्यावर उत्पादकाने सरकारला कळवून रिकॉलची प्रक्रिया सुरू केली, तर त्याला या कलमाखालील दंड होत नाही. कंपन्यांनी चूक लपवू नये म्हणून ही सवलत योग्यच आहे. पण तिची अट ‘प्रक्रिया सुरू करणे’ एवढीच आहे, ती पूर्ण करणे नाही. शंभर गाड्या बोलावून चाळीस दुरुस्त करणारी आणि पंच्याण्णव दुरुस्त करणारी, या दोन्ही कंपन्या सवलतीच्या दृष्टीने सारख्याच ठरतात.

दुसरी फट वयाची आहे. सक्तीच्या रिकॉलचे नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू होतात. खासगी मोटारीची पहिली नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी असते. उरलेल्या आठ वर्षांत ही गाडी सर्वांत कमी उत्पन्नाच्या मालकाकडे असते आणि तेव्हाच तिच्यावर सरकारी छत्र नसते.

वय आणि दमट हवा

ही वयोमर्यादा किनारपट्टीवरील राज्याने विशेष गांभीर्याने घ्यावी, असे कारण आहे. वाहन उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठा रिकॉल जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा. अपघाताच्या क्षणी एअरबॅग फुगवण्यासाठी ताकाता अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरत असे. दमट हवेत आणि तापमानाच्या रोजच्या चढउतारात वर्षानुवर्षे राहिल्याने या रसायनाच्या वड्या खराब होतात. मग ते गरजेपेक्षा अधिक वेगाने पेटते, धातूची नळी फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेवर, छातीवर आदळतात. जीव वाचवणारे साधनच जीव घेते. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलावण्यात आल्या. २०१७ मध्ये ताकाता दिवाळखोरीत गेली.

या प्रकरणाचा महत्त्वाचा धडा असा, की दोष गाडी नवी असताना जवळजवळ निरुपद्रवी होता. गाडी जुनी होत गेली तसा तो वाढला आणि उष्ण, दमट प्रदेशात अधिक वेगाने वाढला. म्हणूनच अमेरिकेत फ्लोरिडासारख्या राज्यांना दुरुस्तीत अग्रक्रम देण्यात आला. चार महिने पाऊस झेलणाऱ्या आणि एरवीही खारी, ओलसर हवा असणाऱ्या गोव्याचे हवामान याच जातीचे. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या ताकाताच्या एअरबॅगसाठी बोलावल्या. त्या वेळी पाच वर्षांच्या असलेल्या या गाड्यांनी आता दहा वर्षे मागे टाकली आहेत. त्यांपैकी कोणी दुरुस्तीसाठी आली नसेल, तर ती आज तेव्हापेक्षा अधिक धोकादायक आहे.

एअरबॅग न उघडल्यास काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिला. ह्युंदाई क्रेटाच्या एका मालकाच्या दाव्यात आघात पुरेसा नव्हता, असा बचाव कंपनीने घेतला होता. गाडी घेणाऱ्याने वेग आणि बल यांची गणिते मांडणारा पदार्थविज्ञानाचा जाणकार असावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि वाहन बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. पण असा निवाडा अपघातानंतर मिळतो. रिकॉलचे प्रयोजन अपघाताआधीचे आहे.

पत्ता हरवतो कुठे

एक साधे उदाहरण कल्पून पाहावे. पणजीत २०१९ मध्ये एक गाडी विकली गेली. वितरकाच्या संगणकात मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि पत्ता आहे. तीन वर्षांनी मालकाने ती जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दिली. व्यापाऱ्याने ती इंदूरच्या ग्राहकाला विकली. गोव्याच्या वाहतूक खात्याकडून ना हरकत दाखला गेला आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहणार म्हणून गाडीला मध्य प्रदेशचा नवा क्रमांक मिळाला. जीए ०७ ची एमपी ०९ झाली. आता ती छत्रीबागेत उभी आहे. २०२४ मध्ये कंपनीने रिकॉल जाहीर केला, तर तिचा संदेश पणजीच्या जुन्या मालकाच्या मोबाइलवर येईल. गाडी विकून दोन वर्षे झालेला तो माणूस संदेश पुसून टाकेल. इंदूरच्या मालकाला काहीच कळणार नाही.

या साखळीत कोणी गुन्हा केला नाही. प्रत्येकाने आपापले काम केले. तरी माहिती तुटली, कारण कंपनीची यादी पहिल्या विक्रीवर थांबते आणि सरकारची यादी प्रत्येक हस्तांतरणाबरोबर पुढे सरकते. दोन्ही याद्यांना जोडणारा दुवा एकच आहे: चेसिस क्रमांक. नोंदणी क्रमांक बदलतो, मालक बदलतो, राज्य बदलते. चेसिस क्रमांक बदलत नाही. देशात नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींचे व्यवहार अधिक होत असताना रिकॉलची भिस्त कंपनीच्या जुन्या यादीवर ठेवणे पुरेसे नाही.

इतर देशांनी हा दुवा वापरला आहे. जर्मनीत वाहनांचे मध्यवर्ती नोंदणी कार्यालय सध्याच्या मालकांचे पत्ते रिकॉलसाठी उपलब्ध करून देते आणि गंभीर दोषाची दुरुस्ती टाळणाऱ्या वाहनाची नोंदणी रोखलीही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये कोणालाही वाहनाचा क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर प्रलंबित रिकॉल पाहता येतो. ताकाता प्रकरणात अमेरिकेत होंडाला मालकांच्या घरोघरी माणसे पाठवावी लागली. पत्रे, दूरध्वनी, संदेश सगळे थकल्यावर उरलेला तो मार्ग होता.

भाड्याच्या गाडीचा प्रश्न

गोव्यासाठी याहून जवळचा धडा कॅलिफोर्नियातील आहे. २००४ मध्ये तिथे दोन तरुण बहिणींनी भाड्याने घेतलेली मोटार चालू असताना पेटली आणि अपघातात दोघींचा अंत झाला. त्या मॉडेलचा रिकॉल आधीच निघाला होता. भाड्याने देणाऱ्या कंपनीने दुरुस्ती न करताच गाडी ग्राहकाच्या हाती दिली होती. त्यांच्या आईने दिलेल्या दीर्घ लढ्यानंतर अमेरिकेने कायदा केला आणि जून २०१६ पासून पस्तीसहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या भाडे कंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती न झालेली गाडी देण्यास मनाई झाली.

गोव्यात दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरून रेंट-अ-कार घेणारा पर्यटक आरसी पाहतो, विमा पाहतो, टायर आणि ओरखडे पाहतो. गाडीवर एखादा रिकॉल प्रलंबित आहे का, हे विचारण्याचे त्याला सुचतही नाही. मालकाचेही हित यात आहे. हंगामात गाडी एक दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये उभी ठेवणे त्याला परवडत नाही, हे खरे; पण रिकॉलची दुरुस्ती मोफत असते आणि दुरुस्ती टाळलेल्या गाडीचा अपघात झाल्यास त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

व्यावसायिक वाहनाला ठरावीक काळाने फिटनेस तपासणीसाठी वाहतूक खात्यासमोर यावे लागते. प्रत्येक गाडीचा विमा ठरावीक काळाने नवा करावा लागतो, पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते, विक्री झाली तर हस्तांतरणाचे अर्ज भरावे लागतात. या प्रत्येक टप्प्यावर चेसिस क्रमांक कोणीतरी संगणकात टाकतोच. त्याच पडद्यावर ‘या वाहनाचा रिकॉल प्रलंबित आहे’ अशी ओळ उमटवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी कंपन्यांनी चेसिस क्रमांकांची यादी द्यायची आणि दुरुस्त झालेली गाडी त्यातून वगळायची, एवढीच शिस्त लागते. तीच यादी दर तीन महिन्यांनी किती गाड्या राहिल्या याचा आकडाही सांगेल आणि तो जाहीर करता येईल. देशभर हे होण्यास वेळ लागेल. आकाराने लहान असलेल्या गोव्याला फिटनेस तपासणीपासून आणि भाड्याच्या गाड्यांपासून सुरुवात करणे तुलनेने सोपे आहे.

कंपन्यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. रिकॉलची सूचना केवळ इंग्रजीत आणि संकेतस्थळाच्या कोपऱ्यात देऊन भागणार नाही. ती मराठी, कोकणी, हिंदी अशा मालकाच्या भाषेत, धोका नेमका काय आहे हे सांगणारी हवी. अधिकृत सर्व्हिस सेंटरला न जाणाऱ्या मालकापर्यंत पोहोचायचे, तर गावोगावच्या गॅरेजवाल्यांना त्या माहितीत सामील करून घ्यावे लागेल. गाडीखाली झोपून काम करणारा मेकॅनिक ती गाडी कंपनीच्या यादीपेक्षा अधिक वेळा पाहतो.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे पाहता येते. हा क्रमांक आरसीवर छापलेला असतो. जुनी गाडी घेताना टायर आणि इंजिनाच्या आवाजाबरोबर ही एक तपासणी केली, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. गाडी विकताना हस्तांतरण वेळेत पूर्ण करणे आणि आपल्या मोबाइलवर रिकॉलचा संदेश आलाच, तर तो नव्या मालकाला पाठवणे, हीदेखील साधी माणुसकी आहे.

पीथमपूरच्या धावपट्टीने आणि १ एप्रिल २०२१ च्या नियमांनी एकाच वर्षी देशाला दोन गोष्टी दिल्या: गाडी बाजारात येण्याआधी तपासण्याचे साधन आणि बाजारात आल्यावर परत बोलावण्याचा अधिकार. या दोहोंच्या मध्ये छत्रीबागेतल्या घरासमोरची ती जुनी गाडी अजून उभी आहे. पुढच्या वेळी एखादी कंपनी ‘इतके हजार गाड्या परत बोलावल्या’ असे जाहीर करील, तेव्हा वर्षभराने तिला एकच प्रश्न विचारावा लागेल: त्यांपैकी किती आल्या?